मायन्यापासून निबंधापर्यंत : प्राथमिक शाळेतील लेखनशिक्षण आणि नगर जिल्हा

१

'मुलास लिहावयास शिकविणे' ह्या शब्दांचा अर्थ मराठी मुलखात गेल्या दोन शतकांत एकच राहिलेला नाही. पंतोजींच्या शाळेत त्याचा अर्थ अक्षर वळविणे आणि पत्राचा मायना बिनचूक उतरविणे असा होता. छापील पुस्तके आल्यावर त्याला दुसरा अर्थ आला : न पाहिलेल्या वाचकासाठी, त्याची जात वा पायरी न विचारता, आपले म्हणणे सलग गद्यात मांडणे. शिक्षणखाते व त्याच्या परीक्षा स्थिर झाल्यावर तिसरा अर्थ रूढ झाला. ठरलेल्या विषयावर, ठरलेल्या प्रकारात, ठरलेल्या ओळींत मजकूर भरणे म्हणजे लेखन. हे तीन अर्थ एकामागून एक आले खरे. परंतु नवा आला म्हणून जुना गेला असे झाले नाही. आजच्या प्राथमिक शाळेतील लेखनाच्या तासाला तिन्ही एकत्र नांदताना दिसतात, आणि त्या तासाच्या पुष्कळशा अडचणी ह्या सरमिसळीतून उत्पन्न झालेल्या आहेत.

प्रस्तुत निबंधात ह्या स्थित्यंतराचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्यासाठी अहमदनगर जिल्हा, म्हणजे आता ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे तो जिल्हा, मध्यवर्ती धरला आहे. ही निवड केवळ सोयीची नाही. दुसऱ्या अर्थाचा मराठीतील सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे एका शाळकरी मुलीने १८५५ साली लिहिलेला निबंध. ही मुलगी पुण्याची होती. परंतु ज्या शाळेत ती शिकली त्या शाळेची प्रेरणा, आणि ज्या पत्रात तिचा निबंध छापला गेला ते पत्र, ह्या दोहोंचा उगम नगर शहरात आहे.

'शैली' हा शब्द येथे कोणत्या अर्थाने वापरला आहे तेही आरंभीच सांगितले पाहिजे. शैली म्हणजे अलंकार किंवा भाषेचा नटवेपणा असे येथे अभिप्रेत नाही. कोण लिहितो, कोणास लिहितो आणि कशासाठी लिहितो, ह्या तीन गोष्टींवरून संबोधन, क्रियापदाचे रूप, वाक्याची लांबी व शब्दांची निवड ठरते. ह्या निवडीलाच येथे शैली म्हटले आहे. मूल बोलताना ही निवड लहानपणीच करू लागते. आजीशी, शिक्षकाशी व खेळगड्याशी ते एकाच तऱ्हेने बोलत नाही. प्रश्न आहे तो बोलण्यातील ही जाण लेखनात उतरविण्याचा, आणि ती कोणाला उतरवू दिली जाते ह्याचा.

२

एतद्देशीय शाळेत, म्हणजे पंतोजींच्या शाळेत, शिक्षणाचा क्रम ठरलेला असे. प्रथम धूळपाटीवर मुळाक्षरे, मग बाराखड्या, जोडाक्षरे. त्याबरोबरच अंक, पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. संध्याकाळी परवचा. अक्षर बसले की बोरू व कागद. पंतोजी वर एक ओळ घालून देत आणि मुलगा ती खाली घोटीत जाई. हा कित्ता. 'कित्ता गिरविणे' ह्या वाक्प्रचाराला आज अनुकरणाचा जो व्यापक अर्थ आला आहे, त्याचे मूळ ह्या कृतीत आहे.

लिपी दोन होत्या. पोथी बाळबोधात, आणि पत्र, हिशेब व दप्तर मोडीत. ह्या दोन लिपी म्हणजे वस्तुतः दोन लेखनव्यवहार होते. पोथी वाचावयाची व म्हणावयाची; तिची नक्कल करता येई, पण मुलाने तीत आपली भर घालावी अशी अपेक्षा नसे. मुलाला स्वतः जे लिहावयाचे असे ते मोडीत, आणि ते बहुधा पत्र किंवा हिशेब असे. पत्रलेखनाचे नियमही जुने होते. यादवांचा प्रधान हेमाद्री ह्याच्या नावावर सांगितली जाणारी 'मेस्तके' ही दप्तर कसे ठेवावे व कोणास कसे लिहावे ह्यांचीच मार्गदर्शिका होय.

ह्या पत्रांचा कणा म्हणजे मायना. वडिलांस 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. धाकट्यास 'चिरंजीव' आणि 'आशीर्वाद'. बरोबरीच्या गृहस्थास 'राजमान्य राजश्री'. विद्वान ब्राह्मणास 'वेदमूर्ती'. सवाष्णीस 'सौभाग्यवती' व विधवेस 'गंगाभागीरथी'. मायना चुकला तर पत्र अशुद्ध ठरे एवढेच नव्हे, तर तो घेणाऱ्याचा अपमान किंवा लिहिणाऱ्याचा उद्धटपणा समजला जाई. पत्रातील खरा मजकूर 'पत्रास कारण की' येथे सुरू होई आणि 'बहुत काय लिहिणे' येथे संपे. त्याच्या आधी व नंतर जे असे ते समाजातील पायऱ्यांचे वर्णन असे.

ह्या पायऱ्यांचे महत्त्व किती होते हे एका उदाहरणावरून कळेल. सोनार जातीच्या लोकांनी अभिवादनासाठी 'नमस्कार' हा शब्द वापरू नये, असा आग्रह पेशव्यांच्या दरबाराने धरला आणि १७७९ साली मुंबईच्या कंपनी सरकारने तशी मनाई केली. एका शब्दासाठी दोन सरकारांत पत्रव्यवहार व्हावा, ह्यावरून अभिवादनाचा शब्द हा केवळ शिष्टाचार नव्हता, तो हक्काचा विषय होता, हे उघड आहे. नमस्कार, दंडवत, रामराम, जोहार ह्यांपैकी कोणता शब्द कोणाच्या तोंडी यावयाचा हे जन्माने ठरलेले होते.

तेव्हा पंतोजींच्या शाळेने निरनिराळ्या शैली शिकविल्याच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकाच मुलाला पाच-सहा प्रकारच्या व्यक्तींना पाच-सहा प्रकारांनी लिहावयास ती शिकवीत असे, आणि हे शिक्षण व्यवहारात लगेच उपयोगी पडे. आजच्या शाळेला एवढा नेमकेपणा क्वचित साधतो. परंतु ह्या शैलीशिक्षणाच्या दोन मर्यादा होत्या. पहिली, पत्र घेणारा कोण आहे हे आधी ठाऊक असल्याशिवाय लेखणी उचलता येत नसे. अनोळखी वाचकासाठी मायनाच नव्हता. दुसरी मर्यादा अधिक खोल होती. ह्या शाळांत ब्राह्मणांची मुले, काही व्यापाऱ्यांची व थोडी कुणब्यांची मुले असत. मुली जवळजवळ नसत आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना प्रवेशच नसे. मायन्याच्या शिडीवर ह्या मुलांची जागा फक्त उल्लेखापुरती होती, लिहिणाऱ्याची नव्हती.

३

१८१८ साली पेशवाई संपली व नगरचा मुलूख कंपनीच्या अंमलाखाली आला. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगर येथे आपले ठाणे वसविले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि शाळा हे त्याचे साधन होते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु साधनाचे परिणाम नेहमी हेतूच्या मर्यादेत राहतात असे नाही. मिस सिंथिया फॅरार ह्या १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ पासून नगरला राहिल्या, आणि १८६२ साली नगर येथेच वारल्या. त्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले ह्यांनी आपल्या एका मित्राबरोबर पाहिल्या, आणि पुण्यास परतल्यावर १८४८ साली मुलींसाठी शाळा काढली. ही हकीकत 'ज्ञानोदया'च्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात आलेली आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापनशिक्षणातही फॅरारबाईंचा भाग होता असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ज्या 'ज्ञानोदया'चा आता उल्लेख केला, ते पत्र १८४२ साली नगर येथेच सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. पुढे ते मुंबईस गेले. धर्मचर्चेबरोबर वर्तमान, भूगोल, शास्त्रीय माहिती व वाचकांची पत्रे ह्यांना त्यात स्थान असे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, ह्या पत्रात लिहिणाऱ्याला आपला वाचक कोण हे ठाऊक नसे. तो ब्राह्मण असेल, कुणबी असेल, नगरचा असेल वा मुंबईचा असेल. 'तीर्थरूप' म्हणावे की 'चिरंजीव' हे ठरविण्यास आधारच उरला नाही. नियतकालिकांच्या गद्याने मायना मोडला तो कोणत्याही सुधारकाच्या आज्ञेने नव्हे, तर अनोळखी वाचकाच्या अस्तित्वाने.

ह्या नव्या गद्याची तयारी शालेय पुस्तकांतून आधीच चालली होती. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचा 'बाळमित्र' व त्यांची इसापनीती ही १८२८ च्या सुमाराची. एकीत मुलांच्या गोष्टी व संभाषणे, दुसरीत प्राण्यांच्या छोट्या कथा. मुलांसाठी मराठी गद्यात गोष्ट सांगण्याची व संवाद लिहिण्याची एक सरळ रीत ह्या पुस्तकांनी घालून दिली. येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. प्राचीन ग्रीक व रोमन शाळांत मुलांना लेखन शिकविण्याची जी चढती मालिका असे तिचा आरंभही इसापाच्या कथेपासून होई. मूल प्रथम कथा आपल्या शब्दांत सांगे. मग प्रसंगाचे कथन, वर्णन, तुलना, दुसऱ्याच्या भूमिकेतून भाषण, आणि शेवटी एखाद्या प्रश्नाची साधकबाधक चर्चा. एकातून दुसरे निघत जाई. मराठीत पहिली पायरी आली. पुढच्या पायऱ्या मात्र त्या क्रमाने बांधल्या गेल्या नाहीत.

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि मेजर टॉमस कँडी ह्यांची विरामचिन्हांवरील पुस्तिका १८५० साली. विरामचिन्हे ही आज क्षुल्लक बाब वाटते. पण मोडीच्या सलग ओळीत वाक्य कोठे संपते हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे असे. प्रश्नचिन्ह व पूर्णविराम आल्यावर ती जबाबदारी लिहिणाऱ्याकडे आली. 'मी येथे विचारीत आहे' आणि 'मी येथे थांबत आहे' हे कागदावर दाखविण्याचे साधन मुलाच्या हाती आले. मुक्ताबाईंचा निबंध ह्या घडामोडीनंतर अवघ्या पाच वर्षांनी लिहिला गेला.

४

मुक्ताबाई ही मातंग समाजातील मुलगी. पुण्यास फुले दांपत्याच्या शाळेत ती जेमतेम तीन वर्षे शिकली होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यातील माहितीचा पुष्कळ विचार केला आहे, आणि दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून त्याचा गौरवही होतो. लेखनशिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्याच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. तीन वर्षे शाळेत गेलेल्या मुलीला काय लिहिता येते, ह्याचा तो पुरावा आहे.

निबंधात चार निरनिराळ्या लेखनरीती आहेत. पहिली युक्तिवादाची. वेद आमचेच, ते इतरांनी पाहू नयेत, असे ब्राह्मण म्हणतात. मुसलमानांस कुराण आहे, इंग्रजांस बायबल आहे. तर मग आम्हांस ग्रंथ नाही म्हणून धर्मही नाही असे ठरते, असा तिचा निष्कर्ष आहे. आधार, तुलना, निष्कर्ष अशी त्याची बांधणी आहे. समोरच्याचे विधान नाकारण्याऐवजी ते मान्य करून त्यातून त्याला न रुचणारा निष्कर्ष काढावयाचा, ही वादपद्धती प्रौढ लेखकांनाही सहज साधत नाही.

दुसरी रीत साक्षीची. बाजीरावाच्या अमदानीत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांगा-महाराचे काय होई, वाड्यांच्या पायात माणसे कशी पुरली जात, बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर कसे नसे, हे तिने सांगितले आहे. येथे विशेषणे थोडी आहेत आणि घटना अधिक आहेत. गाई-म्हशींपेक्षाही आम्हांस नीच मानले, ही तुलना आली आहे तीही घटनांच्या ओघात.

तिसरी रीत संबोधनाची. येथे आपल्या विषयाचा गाभा आहे. एका लहानशा निबंधात ती तीन वेगळ्या श्रोत्यांकडे वळते. प्रथम देवाकडे : आमचा धर्म कोणता ते सांग, अशी तिची विचारणा आहे. मग पंडितांकडे : तुमचे स्वार्थी पांडित्य बाजूला ठेवा आणि मी सांगते ते ऐका, अशी मागणी. आणि शेवटी आपल्या ज्ञातीच्या लोकांकडे : तुमच्या दुःखाला ज्ञान हेच औषध आहे, असा उपदेश. प्रत्येक वळणावर भाषेचा सूर बदलतो. देवाशी बोलताना आर्तता, पंडितांशी बोलताना धार, आणि आपल्या माणसांशी बोलताना वडीलधारी कळकळ. उपदेश ही चौथी रीत. ज्या वयात मुलीने ऐकून घ्यावयाचे असते, त्या वयात ती उपदेश करते.

मायन्याच्या नियमांनी पाहिले तर ह्या तिन्ही संबोधनांपैकी एकही तिला शक्य नव्हते. पंडितास लिहिताना 'वेदमूर्ती' म्हणून आरंभ करावा लागला असता, आणि तिच्या ज्ञातीच्या मुलीने पंडितास पत्र लिहावे ही कल्पनाच त्या शिडीत बसत नव्हती. निबंध ह्या प्रकाराने तिला शिडीच्या बाहेर उभे राहण्याची जागा दिली. हा प्रकार तिला शाळेने दिला. पण त्यात काय भरावयाचे हे शाळेने सांगितले असेल असे वाटत नाही. प्रश्नोत्तराची रीत मिशनच्या पाठांतरात होती, वृत्तांताची वर्तमानपत्रांत होती, प्रार्थनेची घराघरांत होती. ह्या ठिकठिकाणच्या भाषा तिने एका प्रयोजनासाठी एकत्र आणल्या. शैली शिकविणे म्हणजे काय ह्याचे उत्तर ह्या एका वाक्यात आहे : मुलाजवळ असलेल्या अनेक भाषांना एक प्रयोजन आणि एक खरा वाचक मिळवून देणे.

ह्याच शाळेच्या परिसरात आणखी दोन गोष्टी घडल्या. जोतीरावांनी १८५५ सालीच 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि पुढे 'गुलामगिरी' (१८७३) संवादरूपात मांडली. प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा ह्या शालेय चौकटीचे त्यांनी वैचारिक ग्रंथात रूपांतर केले. सावित्रीबाईंच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या पत्रांत पतीला उद्देशून 'सत्यरूप' असा मायना आहे. 'तीर्थरूप' ह्या रूढ साच्यातील एकच घटक बदलून त्यांनी पायरीच्या जागी मूल्य ठेवले. मायना मोडण्याचे दोन मार्ग ह्यावरून दिसतात : मुक्ताबाईंनी तो ओलांडला, सावित्रीबाईंनी तो आतून बदलला. मुलांना शैली शिकविताना ह्या दोन्ही मार्गांचा उपयोग आहे.

५

मुक्ताबाईंचा निबंध छापला गेला त्याच १८५५ साली मुंबई इलाख्यात वुडच्या खलित्यानुसार शिक्षणखाते स्थापन झाले. त्यानंतर कँडी ह्यांच्या देखरेखीखाली सरकारी क्रमिक पुस्तकांची मालिका तयार झाली. तिच्यामुळे नगरच्या खेड्यातील व रत्नागिरीच्या खेड्यातील मुलाच्या हाती एकच भाषा आली. प्रमाण मराठी लेखनाच्या इतिहासात हा लाभ फार मोठा आहे. हानीही झाली. पुस्तकातील गद्य हा नवा कित्ता बनला. पूर्वी मुलगा पंतोजींची ओळ घोटीत असे, आता तो पुस्तकाचा परिच्छेद घोटू लागला.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले त्यात ही गोष्ट दुसऱ्या शब्दांत आली आहे. मराठी क्रमिक पुस्तके व्यवहारोपयोगी व प्रगतिशील नाहीत, म्हणून ती नव्याने रचली पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे ही त्यांची मागणी सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनातील अभ्यासक्रमाची यादी मात्र तितकी परिचित नाही. वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची मूलतत्त्वे, नीती व आरोग्य ह्यांचे धडे, असा तो क्रम आहे. मोडी व बाळबोध ही दोन्ही हवीत असे ते म्हणतात ह्यात एक दृष्टी आहे. शेतकऱ्याच्या मुलाला सावकाराचा मोडी कागद वाचता आला पाहिजे आणि छापील मजकूरही वाचता आला पाहिजे. एकच शैली शिकलेला मनुष्य दुसऱ्या शैलीत फसविला जातो.

पुढील काळात 'निबंध' ह्या शब्दाला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली आणि तिच्या भारदस्त वाक्यरचनेने कित्येक पिढ्यांचे कान घडविले. शाळेत ह्याचा परिणाम असा झाला की, चांगला निबंध म्हणजे प्रौढ निबंध अशी समजूत दृढ झाली. निबंधाचे वर्ग पडले : वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक, वैचारिक. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पक्षी झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' हे विषय ठरून गेले, आणि त्यांची तयार उत्तरे बाजारात मिळू लागली. वर्गीकरण हे अभ्यासकाच्या सोयीसाठी असते. ते मुलाच्या हाती साचा म्हणून दिले की त्याचा मायना होतो. वाचक मात्र ह्या नव्या मायन्यात एकच उरला, तो म्हणजे परीक्षक.

पत्रलेखनाची स्थितीही बदलली. १८७९ साली पोस्टकार्ड निघाले. त्या आखूड कागदावर लांबलचक मायना परवडण्याजोगा नव्हता. 'ती.', 'चि.', 'सा. न. वि. वि.' ही संक्षिप्त रूपे पोस्टकार्डाच्या लेखनात घरोघर रुळली. शिष्टाचाराची शब्दसंपत्ती आटली आणि मजकुराला जागा मिळाली. हा बदल लोकांनी व्यवहारात केला. शाळेच्या पुस्तकात मात्र मायन्यांचे तक्ते नंतरही पुष्कळ वर्षे राहिले.

६

शाळेने निबंधाचा साचा केला त्या काळात निबंधाचे मूळ प्रयोजन शाळेबाहेर टिकून राहिले, आणि त्याची दोन ठळक उदाहरणे नगर जिल्ह्यातच आढळतात.

पहिले 'दीनमित्र'चे. सत्यशोधक परंपरेतील मुकुंदराव पाटील ह्यांनी हे पत्र १९१० साली सुरू केले आणि नेवासे तालुक्यातील तरवडी ह्या खेड्यातून ते अनेक दशके चालविले. लहान खेड्यातून छापखाना चालवून पत्र काढणे हे धाडस होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची भाषा. शेतकऱ्याच्या बोलण्यातील म्हणी, उपरोध व प्रश्न हे तिच्यात छापील गद्याच्या शिस्तीने आले. ज्या वाचकाने ग्रंथ हाती धरला नव्हता, तो चावडीवर ऐकून समजू शकेल अशी ती शैली होती.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड टिळकांचा संसार दीर्घकाळ नगरास झाला. लक्ष्मीबाईंना रीतसर शालेय शिक्षण मिळाले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठी आत्मचरित्रात अग्रस्थानी मानली जातात. शिकवलेली शैली नसल्यामुळे त्यांची शैली टिकली, असा निष्कर्ष काहीजण काढतात. तो मान्य करता येत नाही. लक्ष्मीबाईंचे कान कीर्तनाने, पोथीने, भजनाने आणि घरातील काव्यचर्चेने तयार झालेले होते. शिक्षण झाले होते. ते शाळेत झाले नव्हते इतकेच. मुलांना शिकवू नका, त्यांची शैली आपोआप उमलेल, हे मत 'स्मृतिचित्रां'वरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते असे की, बोलण्यातील घडण लेखनात येऊ दिली तर लेखन दुबळे होत नाही.

ह्या संदर्भात टॉलस्टॉय ह्यांची आठवण होते. त्यांनी यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली, आणि लेखन कोणी कोणाकडून शिकावे, मुलांनी आपल्याकडून की आपण मुलांकडून, असा प्रश्न १८६२ साली एका लेखात उपस्थित केला. आपल्याकडे एका मुलीने ह्या प्रश्नाचे उत्तर सात वर्षे आधी लिहून ठेवले होते, हे आपल्या अध्यापकविद्यालयांतून सांगितले गेले पाहिजे.

७

आता ह्या इतिहासावरून आजच्या शिक्षकाने काय घ्यावे हा प्रश्न उरतो. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यानंतर शाळा वाडीवस्तीपर्यंत पोहोचल्या. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि पुस्तकांची गुणवत्ता वाढली. ज्यांना पूर्वी शाळेच्या ओसरीवर पाऊल ठेवता येत नव्हते त्यांची मुले आज वर्गात बसतात. ह्या जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरी भागातील महादेव कोळी व ठाकर मुले आहेत. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडणी कामगारांची मुले आहेत, ज्यांचे आईबाप हंगामात कारखान्याच्या फडावर जातात. ह्या मुलांच्या घरची बोली आणि पुस्तकाची भाषा ह्यांत अंतर आहे. शिक्षकाने 'शुद्ध लिही' एवढेच सांगितले, तर मुलाच्या लक्षात येते ते एकच : माझी भाषा लिहिण्याची नव्हे. मग ते तयार निबंध पाठ करते. त्यात चुका नसतात आणि मूलही नसते.

उपाय निबंधाचे आणखी प्रकार शिकविणे हा नव्हे. प्रकार कमी असले तरी चालतील. वाचक निरनिराळे असले पाहिजेत. एकच हकीकत घ्यावी. वस्तीवरचा हातपंप बंद पडला आहे. हे मुलाने प्रथम फडावर गेलेल्या आईस पत्रात कळवावे. मग तेच ग्रामपंचायतीस अर्जात लिहावे. मग धाकट्या वर्गातील मुलांसाठी गोष्ट करून सांगावे. शेवटी वर्गाच्या भित्तिपत्रकात बातमी द्यावी. चारही वेळा माहिती तीच राहील. बदलेल ते संबोधन, बदलेल क्रियापद, आणि काय आधी सांगावे व काय गाळावे ह्याची निवड. आईच्या पत्रात घरची बोली येईल व ती यावीच. अर्जात तारीख, ठिकाण व मागणी येईल. कोणती भाषा शुद्ध ह्या वादाऐवजी कोणती भाषा कोठे, हा प्रश्न मुलासमोर येईल. त्याचे उत्तर त्याला बोलण्यातून अर्धे ठाऊक असतेच.

अशा अभ्यासात एक अट पाळली पाहिजे. पत्र टाकले गेले पाहिजे, अर्ज दिला गेला पाहिजे, गोष्ट वाचून दाखविली गेली पाहिजे. वाचक काल्पनिक असला की शैलीही काल्पनिक होते. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने ह्या खेड्यातील शिक्षकाने १९२० नंतरच्या दशकात वर्गातच छोटा छापखाना ठेवला व मुलांचे लेखन दुसऱ्या शाळांतील मुलांकडे पाठविले, ते ह्याच कारणासाठी. आपल्याकडे आता यंत्राची अडचण उरलेली नाही.

दुसरी गोष्ट मायन्याची. तो शिकवू नये असे नव्हे. शिक्षकाने तो इतिहास म्हणून शिकवावा : अभिवादनाच्या शब्दांत माणसांच्या पायऱ्या कशा कोरल्या होत्या, त्यांतील कोणत्या आपण टाकल्या, कोणत्या अजून बाळगतो. विधवेसाठी वेगळा मायना का होता हा प्रश्न चौथीच्या मुलीला कळतो. सावित्रीबाईंच्या एका शब्दाचा बदल दाखविला, तर शैलीत निर्णय असतो हेही तिला कळेल.

मुक्ताबाईंच्या निबंधानंतर तिचे दुसरे लेखन उपलब्ध नाही. ह्यावरून तिच्या शाळेचे यश आणि त्या यशाची मर्यादा ही दोन्ही दिसतात. एका मुलीला तीन वर्षांत लिहिती करता आले. तिने पुढेही लिहीत राहावे अशी व्यवस्था मात्र समाजात नव्हती. आज ती व्यवस्था पुष्कळ अंशी आहे. शाळा आहे, पुस्तक आहे, कागद आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलीला जर आज 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' एवढेच लिहावयास मिळत असेल, तर १८५५ साली मिळालेली जागा आपण तिच्याकडून परत घेतली असे होईल. लेखनाचा तास हा ह्या जागेचा प्रश्न आहे, आणि शिक्षकाने तो त्या गांभीर्याने घेतला पाहिजे.